राखेने धूर धरता येईल काय?



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत लागवडीच्या धोरणावर बोलणे चालू असताना विषय भलतीकडेच वळला. कारखान्याकडे एक प्रस्ताव आला आहे, त्याची कुणकुण सभासदांना लागली होती. प्रस्ताव असा: आपल्या बॉयलरची राख, तसेच आसवनीच्या स्पेंटवॉश बॉयलरला जोड म्हणून जो कोळसा जाळतो त्याची राख, यांच्यापासून एक भुकटी तयार करायची. ही भुकटी चिमणीच्या धुरातला कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, धरून ठेवील. धरलेल्या वायूवर कार्बन क्रेडिट मिळतील, ती विकून पैसा येईल. आणि सुरुवातीच्या भांडवलासाठी सभासदांच्या ऊस बिलातून टनामागे थोडी कपात करावी.

'कपात' हा शब्द कानावर पडताच मागल्या रांगेतले एक जुने सभासद उठले आणि म्हणाले, "राख आपली, धूर बी आपलाच. मग पैसं कुणाचं? कापायचं ते आमच्याच बिलातनं ना?"

बैठकीत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. प्रस्तावाचा निर्णय संचालक मंडळाने आणि वार्षिक सर्वसाधारण सभेने घ्यायचा आहे. तो आमचा अधिकार नाही. मात्र सभेत हात वर करण्यापूर्वी सभासदाला विषय ठाऊक असला पाहिजे, हे या अंकाचे काम आम्ही समजतो. राखेने खरोखर वायू धरता येतो का, येत असेल तर किती आणि कशाच्या मोबदल्यात, आणि त्यात आपल्या कारखान्याचे हित कुठे आहे, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

विहिरीतला दगड

ज्यांनी कातळातली विहीर खोदताना पाहिली आहे, त्यांना हा दगड नव्याने दाखवायला नको. मुरूम संपून काळा पाषाण लागतो, सुरुंग उडतो आणि वर आलेल्या एखाद्या धोंड्यात पोकळी निघते. तिच्या आत पांढरे, कधी गुलाबीसर, काचेसारखे चमकणारे खडे. आपण त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतो. पोरं ते खिशात घालून शाळेत नेतात आणि मास्तरांना दाखवतात.

यांतल्या बऱ्याच खड्यांचे शास्त्रीय नाव झिओलाइट. दख्खनचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून हे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव या बाजूच्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. आपल्याकडे सिन्नरला तर 'गारगोटी' नावाचे संग्रहालयच आहे.

हे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रोन्स्टेड नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने दिले. त्याने असा एक खडा तापवला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडून 'उकळणारा दगड' असे नाव पडले. दगड अर्थातच उकळत नव्हता, त्याच्या पोटातले पाणी वाफ होऊन बाहेर पडत होते. झिओलाइट आतून भरीव नसतो. सिलिका आणि ॲल्युमिना यांची त्याची चौकट म्हणजे कोनाडेच कोनाडे असलेली भिंत. हे कोनाडे इतके बारीक की एकेका कोनाड्यात वायूचे मोजकेच रेणू मावतात. जो रेणू दारातून आत जाऊ शकतो आणि आत गेल्यावर चिकटतो, तो थांबतो. बाकीचे पुढे जातात. तापवले किंवा हवेचा दाब काढून घेतला की थांबलेलेही बाहेर येतात आणि भिंत पुन्हा रिकामी होते.

हा दगड आपल्याला परका नाही याचे दुसरे कारण आसवनीत आहे. इंधनात मिसळायचे इथेनॉल जवळजवळ निर्जल लागते, आणि नुसत्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल ९५-९६ टक्क्यांच्या वर जात नाही. उरलेले पाणी काढण्यासाठी ते ज्या गोळ्यांच्या टाकीतून नेतात, तिला आपले कामगार 'सीव्ह' म्हणतात. त्या गोळ्या झिओलाइटच्याच. त्यांच्या दारातून पाणी आत जाते, इथेनॉलचा रेणू मोठा म्हणून बाहेर राहतो. एक टाकी पाणी पीत असते, तोवर दुसरी कोरडी करून घेतात. धुरातला कर्बवायू धरण्याची युक्ती हीच, फक्त दार थोडे मोठे आणि पकडायचा पाहुणा वेगळा.

राखेपासून झिओलाइट

आता राखेकडे येऊ. आपल्या देशातल्या दगडी कोळशात राखच ३० ते ४५ टक्के असते. बाहेरून येणाऱ्या चांगल्या कोळशात ती १०-१५ टक्क्यांच्या घरात. त्यामुळे वीज केंद्रांतून निघणाऱ्या राखेचे आकडे छाती दडपवणारे आहेत. २०२१-२२ या एका वर्षात देशात सुमारे २७ कोटी टन राख निघाली. तिचा मोठा भाग सिमेंटमध्ये, विटांत, रस्त्यांच्या भरावात, खाणींच्या खड्ड्यांत जातो. उरलेली, आणि पूर्वीपासून साठलेली, तलावांत पडून आहे. विदर्भातल्या शेतकऱ्याला तिची किंमत ठाऊक आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ आसपासच्या रानात आणि पाण्यात पसरला. ज्याच्या उभ्या पिकात असा गाळ शिरतो, त्याला 'राखेचा उपयोग करा' हे सांगावे लागत नाही.

या राखेत निम्म्याहून अधिक सिलिका आणि पाव हिश्श्याच्या आसपास ॲल्युमिना असते. म्हणजे झिओलाइटला जी सामग्री लागते तीच. फरक मांडणीचा. राख म्हणजे विटांचा ढीग, झिओलाइट म्हणजे त्याच विटांची कोनाड्यांची भिंत. ढीग मोडून भिंत रचता येते हे १९८५ साली होलर आणि विर्शिंग यांनी दाखवले. त्यानंतर जगभर यावर काम झाले. आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, उडत्या राखेपासून झिओलाइट तयार करण्याची पद्धत बसवली. कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेटऐवजी घालावा हा तिचा एक उद्देश होता. झिओलाइटला अमाइन नावाच्या रसायनाची जोड देऊन कर्बवायू धरण्याचे प्रयोगही तिथे झाले आहेत.

कृती ऐकायला सोपी आहे. राख आणि कॉस्टिक सोडा जवळजवळ समभाग, सोडा थोडा जास्तच, एकत्र करून साडेपाचशे-सहाशे अंशांवर तास-दीड तास भाजायचे. गार झाल्यावर दळून पाण्यात कालवायचे, काही तास ढवळत ठेवायचे. मग ९०-१०० अंशांवर पुन्हा काही तास न ढवळता ठेवायचे. आपल्या कारखान्यात पॅनमध्ये दाणा धरतो, तसाच इथे स्फटिक धरतो. घाई केली किंवा सोड्याचे प्रमाण चुकले की दुसराच दाणा येतो. शेवटी गाळून, भरपूर पाण्याने धुऊन, वाळवून पांढुरकी भुकटी हाती येते.

झिओलाइट हा एकच मार्ग नाही. कोळसा धुण्याच्या वॉशरीत जो टाकाऊ काळा माल निघतो, त्यात कार्बन शिल्लक असतो. तो वाफेने किंवा क्षाराने तापवून पोकळ केला की सक्रिय कोळसा होतो. पाणी गाळण्याच्या यंत्रात असतो त्याचाच हा भाऊ. तो झिओलाइटपेक्षा कमी वायू धरतो, पण ओलाव्याला तितका घाबरत नाही. राखेतली सिलिका वेगळी काढून तिच्यावर अमाइनचा लेप देण्याची पद्धतही आहे. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर, म्हणून तिचेही नाव या यादीत येते. तेव्हा प्रस्तावातले शास्त्र खोटे नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. बरणीतली भुकटी दाखवली असेल तर ती खरीच असणार.

चुन्याचा धडा

काहींच्या मनात येईल, इतका खटाटोप कशाला? चुना कर्बवायू धरतोच की! बरोबर आहे. भिंतीला दिलेली सफेदी वाळून कडक होते, ती हवेतला हाच वायू पिऊन. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की पाणी दुधाळ होते, तेही यामुळेच. ज्या राखेत चुना आहे ती राखही असाच वायू धरते आणि त्याचा चुनखडीसारखा दगड होतो, तो पुन्हा सुटत नाही.

पण हिशेब पाहा. एक टन शुद्ध चुना ७८५ किलो कर्बवायू धरू शकतो. आपल्या दगडी कोळशाच्या राखेत चुना दोन-चार टक्केच. म्हणजे टनभर राखेने फार तर १५ ते ३० किलो वायू धरला, आणि तोही एकदाच. तमिळनाडूतल्या नेव्हेलीच्या लिग्नाइट कोळशाच्या राखेत चुना जास्त, तिथे या मार्गाला काही अर्थ आहे. आणि बाजारातून चुना विकत आणून वायू धरायचा म्हटले तर तो चुना भट्टीत भाजताना तेवढाच वायू आधी हवेत गेलेला असतो. घरचेच दाणे घरच्याच कोंबडीला घालून अंडे नफ्यात धरण्यासारखे ते होईल.

एका खेपेत किती?

राखेपासून केलेला चांगला झिओलाइट कोरड्या धुरातून किलोमागे १०० ग्रॅमच्या आसपास कर्बवायू एका वेळी धरतो असे आपण हिशेबासाठी धरू. एक टन वायूला दहा टन भुकटी. एवढेच ऐकून कुणी म्हणेल, हा धंदा बुडीत! पण ऊस वाहतुकीत आपण बैलगाडीचा हिशेब एका खेपेवर करत नाही. दिवसात खेपा किती आणि हंगामात किती, यावर करतो. ही भुकटीही भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. तासाला एक खेप धरली तर दिवसाला चोवीस.

आता कर्जाचा हिशेब. टनभर भुकटीला टनभर, किंवा थोडा जास्तच, कॉस्टिक लागतो. एक टन कॉस्टिक करायला दोन हजार युनिटच्या वर वीज लागते. कोळशावरची वीज युनिटमागे एक किलोच्या जरा कमी कर्बवायू सोडते. म्हणजे एक कणही धरण्यापूर्वी टनभर भुकटीच्या डोक्यावर दोन टनांच्या आसपास वायूचे कर्ज आहे, भट्टीचे वेगळे. पहिल्या वीस-पंचवीस खेपा हे कर्ज फेडण्यात जातात. कर्ज मोठे नाही, भुकटी टिकली तर एक-दोन दिवसांत फिटते. खरा खर्च पुढे आहे. दर खेपेला भुकटी रिकामी करायला उष्णता किंवा पंप लागतो, आणि तो खर्च शेवटच्या खेपेपर्यंत सुटत नाही.

म्हणूनच आज जगात मोठ्या प्रमाणावर चालते ती राखेची नव्हे, अमाइनच्या द्रावणाची पद्धत. तिचे पेटंट १९३० सालचे. कॅनडातल्या बाउंडरी डॅम या कोळशाच्या वीज केंद्रात २०१४ पासून ती चालू आहे. तिची दुखरी नस उष्णतेचीच. एक टन वायू द्रावणातून सोडवायला दीड टनाच्या आसपास वाफ जाते, आणि सगळा धूर धुवायचा म्हटले तर केंद्राच्या विजेचा पाचवा ते चौथा हिस्सा घरातच खर्ची पडतो. घन पदार्थाबरोबर पाणी तापवावे लागत नाही, म्हणून वाफ कमी लागेल, या आशेवर राखेच्या भुकटीचे सारे संशोधन उभे आहे. आशा रास्त आहे.

घोडे अडते कुठे?

पहिली अडचण पाण्याची. झिओलाइटला कर्बवायूपेक्षा पाणी अधिक प्रिय. आसवनीत आपण त्याच्या याच स्वभावावर काम करून घेतो. पण धुरात वाफ असली की तो आधी पाणी पितो, आणि कर्बवायूला दार बंद. म्हणजे धूर आधी गार करा, कोरडा करा, मग भुकटीवर सोडा. कोळशाच्या धुराची ही कथा. आपल्या बगॅसमध्ये तर निम्मे पाणीच असते. त्यामुळे आपल्या चिमणीचा धूर कोळशाच्या धुराहून ओला. प्रस्तावात जो आकडा दिला आहे तो कोरड्या वायूवर प्रयोगशाळेत घेतलेला आहे. आपल्या चिमणीवर तो लागू पडत नाही.

दुसरी अडचण कोळशाच्या धुरातल्या गंधकाच्या वायूची. तो कोनाड्यात शिरला की सहजी निघत नाही, भुकटी हळूहळू निकामी होते. तिसरी, राखेच्या स्वभावाची. आज एका खाणीचा कोळसा, उद्या दुसऱ्या खाणीचा, परवा त्यात बगॅस मिसळलेले. राख बदलली की पाक बदलतो. चौथी, धुण्याच्या पाण्याची. त्यात कॉस्टिक असतो आणि राखेतले आर्सेनिकसारखे विषारी घटकही उतरू शकतात. स्पेंटवॉशच्या पाण्याने विहिरी बिघडल्याचा अनुभव साखर पट्ट्याला नवा नाही. तेव्हा या पाण्याची व्यवस्था काय, हा प्रश्न कारखान्याच्या खालच्या अंगाला ज्यांची राने आहेत त्यांनी आवर्जून विचारावा.

दोन दिवसांची राख

या भुकटीमुळे राखेचे ढीग संपतील, असेही काही ठिकाणी सांगतात. तेही ताडून पाहू. ५०० मेगावॅटचा एक वीज संच दिवसभर पूर्ण चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते, सुमारे ११ हजार टन कर्बवायू निघतो आणि आठ हजार टन कोळसा जळून २,८०० टनांच्या आसपास राख पडते. दिवसाला चोवीस खेपा, खेपेला किलोमागे १०० ग्रॅम, या दराने तो सगळा वायू धरायला साडेचार-पाच हजार टन भुकटी पुरे. म्हणजे फार तर दोन दिवसांची राख! भुकटी वर्षभर टिकली, तर उरलेल्या ३६३ दिवसांच्या राखेला दुसरी वाट शोधावीच लागणार.

ती वाट आपल्या घरांत आधीच आहे. पीपीसी सिमेंटच्या पोत्यात १५ ते ३५ टक्के उडती राख असते. सिमेंटचा मूळ क्लिंकर भाजताना टनामागे ८०० किलोच्या आसपास कर्बवायू निघतो. जितका क्लिंकर राखेने वाचवला, तितका हा वायू निघालाच नाही. सभासदाने घराला, गोठ्याला, विहिरीच्या कठड्याला हे सिमेंट वापरले तेव्हा त्याने नकळत हे काम केले. निघालेला वायू धरण्यापेक्षा तो न निघू देणे केव्हाही स्वस्त. १९९९ साली केंद्र सरकारने राखेच्या वापराची पहिली अधिसूचना काढली आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांवर शंभर टक्के वापराची जबाबदारी टाकली. त्यात अशा वापरांचाच मोठा वाटा राहणार.

आपल्या दारातला वायू

आता मुख्य मुद्दा, आणि याचसाठी हा लेख लिहायला घेतला.

मध्य प्रदेशात विंध्याचल येथे एनटीपीसीने कोळशाच्या धुरातून कर्बवायू धरण्याचा प्रकल्प २०२२ साली चालू केला. क्षमता दिवसाला २० टन. देशात हे काम महत्त्वाचे मानले जाते आणि ते योग्यच आहे. कारण त्या धुरात कर्बवायू १२-१४ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. गवताच्या गंजीतून सुई काढावी तसा तो वेगळा करावा लागतो.

आणि आपल्याकडे? मळी आंबते तेव्हा फर्मेंटरमध्ये अल्कोहोलबरोबर जवळपास त्याच वजनाचा कर्बवायू निघतो. लिटरमागे सुमारे पाऊण किलो. दिवसाला ३० हजार लिटरची लहानशी आसवनी धरली, तरी हा वायू साडेबावीस टन होतो. विंध्याचलच्या प्रकल्पाएवढाच! आणि हा वायू धुरातला नाही. थोडी वाफ आणि थोडा अल्कोहोलचा वास सोडला तर तो जवळजवळ शुद्धच निघतो. त्याला राख नको, झिओलाइटची भिंत नको, अमाइन नको. झाकण बंद टाकी, धुण्याचे यंत्र, कॉम्प्रेसर आणि गार करून साठवण्याची टाकी एवढे पुरते. काही आसवन्या असा वायू बाटलीबंद करून शीतपेयांना, वेल्डिंगला, अग्निशामक नळकांड्यांना विकतात, सुका बर्फ करतात. सगळाच वायू हाती येत नाही हे खरे. सुरुवातीचा हवेत मिसळलेला सोडून द्यावा लागतो.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. शीतपेयात घातलेला वायू बाटली उघडताच पुन्हा हवेत जातो. तेव्हा त्याची विक्री हा धंदा झाला, हवा स्वच्छ करणे नव्हे. पण आपला वायू उसाने हवेतूनच घेतलेला आहे. उद्या तो जमिनीखाली कायमचा कोंडण्याची सोय झाली, तर ती हवेतून खरी वजाबाकी ठरेल. आइसलँडमध्ये २०१२ पासून पाण्यात विरघळवलेला कर्बवायू कातळात सोडतात आणि तिथे तो दोन वर्षांच्या आत दगड झाल्याचे आढळले. तो कातळ आपल्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा, म्हणून दख्खनच्या कातळाकडेही शास्त्रज्ञांचे लक्ष आहे. हे काम मात्र मोठ्या संस्थांचे आहे, एका कारखान्याच्या कपातीतून होणारे नव्हे.

मग राखेच्या झिओलाइटला आपल्याकडे जागाच नाही का? आहे. प्रेसमडपासून बायोगॅस करण्याचे प्रकल्प साखर कारखान्यांत उभे राहत आहेत. केंद्राची 'सतत' ही योजना २०१८ ची. कच्च्या बायोगॅसमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन आणि उरलेला बहुतेक कर्बवायू असतो. गाडीत भरायचा गॅस करायचा तर मिथेन किमान ९० टक्के हवा, म्हणजे कर्बवायू काढलाच पाहिजे. तो काढण्याच्या एका पद्धतीत अशाच कोनाड्यांच्या गोळ्यांवर दाबाने गॅस सोडतात. तिथे वायू मुळातच दाट असतो आणि तो कोरडा करून घेणे आवाक्यातले असते. गॅस विकून पैसाही येतो. राखेचा झिओलाइट टिकाऊ गोळ्यांच्या रूपात, ठरलेल्या दर्जाचा आणि बाजारातल्या मालापेक्षा स्वस्त मिळू लागला, तर आपण त्याचे गिऱ्हाईक होऊ शकतो. कारखानदार होण्याची घाई नको.

सभेत विचारावयाचे प्रश्न

सभासदांनी प्रस्ताव मांडणाऱ्यांना पुढील प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे.

१. भुकटीचा आकडा कोरड्या वायूवरचा की ओल्या धुरावरचा? आपल्याच चिमणीच्या धुरावर चाचणी घेऊन दाखवाल काय?

२. किती खेपांनंतर भुकटीची ताकद किती उरते? दहा खेपांचा तक्ता नको, हजार खेपांचा हवा.

३. भुकटी रिकामी करायला टनामागे किती वाफ आणि किती वीज? ती वाफ साखरेच्या घरातून तोडणार की सहवीजनिर्मितीतून? विकायच्या विजेत किती घट येईल?

४. कॉस्टिकचे पाणी कुठे जाणार?

५. धरलेला वायू कोण घेणार? लेखी करार आहे काय?

६. केंद्राने २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आहे. क्रेडिट भुकटीच्या वजनावर मिळत नाही. खर्ची पडलेली वीज, वाफ, कॉस्टिक वजा जाता जो फरक तपासणीत उरेल, त्यावर ते ठरते. हा निव्वळ आकडा तुम्ही काढला आहे काय?

७. आणि शेवटचा, त्या जुन्या सभासदांचाच: नफा झाला तर वाटणी कशी आणि तोटा झाला तर कुणाचा?

एक सूचना कामगार बंधूंसाठीही. कर्बवायू हवेपेक्षा जड असतो, त्याला रंग नाही, तो तळाशी साचतो. पडक्या विहिरीत उतरण्याआधी आपले वाडवडील कंदील सोडून बघत, ते उगीच नव्हे. फर्मेंटरच्या टाकीत वायू मोजण्याच्या यंत्राने तपासल्याशिवाय, परवानगीशिवाय आणि वर माणूस उभा केल्याशिवाय कुणीही उतरू नये. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, असे घडू नये.

बगॅस एकेकाळी अडगळ होती, आज तिची वीज होते. मळी सांडून देण्याची वस्तू होती, आज तिचे इथेनॉल होते. स्पेंटवॉशच्या राखेचे पोटॅश खत होऊन रानात परत येऊ लागले आहे. टाकाऊतून टिकाऊ करणे साखर धंद्याला शिकवायला नको. पण यांतली प्रत्येक गोष्ट आपण हिशेब मांडून केली, म्हणून ती टिकली. राखेने धूर धरता येतो. आपल्या चिमणीवर, आपल्या बिलातून, आजच धरावा असे मात्र या हिशेबात दिसत नाही. आधी फर्मेंटरच्या तोंडावरचा शुद्ध वायू, मग प्रेसमडचा गॅस, आणि चिमणीचा विचार शेवटी, असा क्रम आम्हाला सुचतो.

सभासदांनी हा अंक घरी वाचून, शेजाऱ्याशी बोलून, आपले प्रश्न लेखी स्वरूपात गट कार्यालयात द्यावेत. सभेच्या दिवशी ते मांडले जातील. सभेला जरूर या. गैरहजर राहून घरी बोलण्यापेक्षा सभेत उठून विचारलेला एक प्रश्न कारखान्याच्या अधिक उपयोगी पडतो.